बोरूचा कल: इटालिक अक्षर, मोडी आणि मराठी छपाईतला हरवलेला दुसरा आवाज



आजचं व्याख्यान खंडाळ्यात आहे, तेव्हा सुरुवात इथल्याच रस्त्यावरून करू. सकाळी आम्ही स्टेशनकडून चालत आलो. वाटेत जुन्या बंगल्यांची फाटकं लागतात. फाटकाच्या खांबावर संगमरवरी पाटी असते आणि पाटीवर बंगल्याचं नाव. इंग्रजी नाव बहुतेक ठिकाणी उजवीकडे कललेल्या, टोकांना बारीक कंगोरे असलेल्या, डौलदार अक्षरात कोरलेलं असतं. खाली तेच नाव मराठीत असतं, आणि ते मात्र ताठ उभं. हॉटेलचं मेनूकार्ड बघा, लग्नाची पत्रिका बघा, चिक्कीचा खोका बघा. जिथे म्हणून जरा ऐट दाखवायची आहे तिथे इंग्रजी अक्षर तिरकं होतं आणि मराठी अक्षर सरळच राहतं.

आपल्याला प्रश्न असा पडतो की हे असं का? मराठीला तिरकं, धावतं, ऐटबाज अक्षर कधी नव्हतंच का? आज आपण याच प्रश्नाचा माग काढणार आहोत. उत्तर आधीच सांगून टाकतो: होतं. चांगलं पाच-सहाशे वर्षं होतं. ते छापखान्याच्या दाराशी अडलं, आणि त्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत.

आता ज्या अक्षराला आपण इटालिक म्हणतो त्याच्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे टोकाचे कंगोरे, ज्यांना सेरिफ म्हणतात. दुसरी म्हणजे कल. गंमत अशी की या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या हत्यारांतून आल्या आहेत. कंगोरा रुळला दगडावर, आणि कल आला लेखणीतून.

आधी दगड. रोममध्ये सम्राट ट्राजनचा स्तंभ इसवी सन ११३ मध्ये उभा राहिला. त्याच्या पायथ्याच्या शिलालेखातली अक्षरं आजही रोमन अक्षरांचा आदर्श मानली जातात. त्या अक्षरांच्या टोकांना छोटे कंगोरे आहेत. आता इथून दहा-बारा किलोमीटरवर आपलं कार्लं आहे. तिथल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक इथल्या, म्हणजे कार्ल्याच्याच, भिक्षूंना गाव दान दिल्याचा लेख त्यांत आहे. काळ साधारण ट्राजनच्या आगेमागेचाच. अशोकाच्या काळची ब्राह्मी अक्षरं एकसारख्या जाडीच्या रेघांची आहेत, अगदी काडीने काढल्यासारखी. कार्ल्याच्या काळापर्यंत येता येता अक्षरांच्या माथ्यावर जाडसर ठिपका, छोटी आडवी टोपी दिसायला लागते. पुढे शतकानुशतकं ही टोपी रुंद होत गेली, शेजारच्या टोपीला जाऊन भिडली, आणि तिची झाली नागरीची शिरोरेघ. म्हणजे कंगोरा आपल्याकडेही होता. रोमन अक्षराने तो पायाशी आणि माथ्याशी ठेवला, आपण तो माथ्यावर लांबवला.

आता लेखणीकडे येऊ. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये निक्कोलो निक्कोली नावाचा एक विद्वान होता. जुने लॅटिन ग्रंथ उतरवून काढण्याचा त्याला नाद. भराभर लिहिताना त्याचं अक्षर अरुंद झालं, किंचित कललं, एकमेकांना जोडलं जाऊ लागलं. हे वळण लोकांना आवडलं. पुढे पोपच्या कचेरीने तशाच वळणात पत्रं लिहायला सुरुवात केली. त्या कचेरीला चॅन्सरी म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर ही पोपची चिटणिशी. हा शब्द लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

१५०१ साली व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस याने महाकवी व्हर्जिलची कविता एका छोट्या, हातात मावणाऱ्या पुस्तकात छापली. ते सबंध पुस्तक या कचेरीच्या वळणाच्या अक्षरात होतं. ठसे कापले होते फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने. आधीचे ग्रंथ मेजावर ठेवून वाचायचे, हे पुस्तक घोड्यावर बसूनही वाचता येईल असं. त्यात मोठी अक्षरं मात्र उभीच ठेवली होती, फक्त लहान अक्षरं कललेली. व्हेनिसच्या राज्याने आल्दुसला या अक्षराचा हक्क दिला. पण फ्रान्समधल्या लियों शहरातल्या मुद्रकांनी नकला काढल्याच. मग १५०३ साली आल्दुसने या नकली आवृत्त्यांपासून सावध राहा अशी जाहीर सूचना छापली. पायरसी ही काही आजची गोष्ट नाही. पुढे लुदोविको आर्रिगी नावाच्या लेखकाने, जो स्वतः पोपच्या कचेरीत होता, १५२२ च्या सुमारास या वळणाचा कित्ता छापून काढला आणि मग त्याच वळणाचे अधिक डौलदार ठसेही करवले.

इथपर्यंत इटालिक हे स्वतंत्र अक्षर होतं. पुस्तक एक तर उभ्या अक्षरात, नाही तर तिरक्या अक्षरात. खरी युक्ती सोळाव्या शतकात पुढे झाली. उभ्या अक्षराच्या पानातच मध्ये मध्ये तिरकं अक्षर बसवायला सुरुवात झाली. उभं अक्षर घरधनी आणि तिरकं अक्षर त्याचा जोडीदार. ग्रंथाचं नाव आलं, तिरकं. परकीय शब्द आला, तिरका. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा, तिरका. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, जहाजाचं नाव, तिरकं. ओरडायचं नाही, आवाज न चढवता फक्त सूर बदलायचा. जाड अक्षर म्हणजे टेबलावर मूठ आपटणं. इटालिक म्हणजे बोलता बोलता भुवई उंचावणं.

त्यात एक राजकारणही आहे. इंग्रजी पुस्तकात मराठी शब्द आला की तो तिरका छापायचा, म्हणजे 'हा बाहेरचा, याच्याकडे जरा जपून बघा'. 'घाट' हा शब्द इंग्रजीत गेला तेव्हा परका होता. आता तो इंग्रजी कोशात बसला आहे आणि सरळ उभा राहतो. शब्दाचा कल गेला की समजावं, त्याला नागरिकत्व मिळालं.

आता चिटणिशीकडे परत येऊ.

मराठीत दोन लेखनपद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. बाळबोध, म्हणजे नागरी, आणि मोडी. मोडीचं श्रेय परंपरा यादवांचा प्रधान हेमाडपंत याला देते. ते काहीही असो, यादवकाळापासून पेशवाई आणि पुढे इंग्रजी अमलापर्यंत मोडीचा वापर दिसतो. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं ओवत जायचा. अक्षरांना गाठी, वळसे, शेपट्या. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. काम वेगाचं. आणि तिच्यातही वळणं होती: चिटणिशी, महादेवपंती, रानडी. पोपच्या कचेरीच्या वळणाने इटालिक जन्माला आलं, तसं आमच्याकडे चिटणिसांच्या दप्तरात चिटणिशी वळण घडलं. कारण एकच होतं: कचेरीत भराभर लिहायचं असतं आणि ते देखणंही दिसायला हवं असतं.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, दोन लिप्या होत्या, पण एका कागदावर दोन आवाज होते का? होते. शिवकाळातलं एखादं पत्र डोळ्यांसमोर आणा. मजकूर मोडीत आहे. माथ्यावर राजमुद्रा आहे, ती नागरीत. शेवटी मर्यादा मुद्रा, तीही नागरीत. मजकूर धावतो आणि मुद्रा उभी राहते. वाचणाऱ्याला लिपीवरूनच कळतं की इथे कारकून बोलतो आहे आणि इथे राजा बोलतो आहे. पोथी बाळबोधीत आणि पत्र मोडीत, हा भेदही तोच.

याचा एक प्रसंग आपल्या मावळातलाच आहे. डिसेंबर १७७८ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून खंडाळ्याला आली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला 'इष्टुर फाकडा', पडला. तळेगावपर्यंत जाऊन फौज मागे फिरली, कोंडीत सापडली आणि वडगावला तह झाला. लढाईच्या कथा आपण ऐकल्या आहेत. आपण कागदांकडे बघू. मराठ्यांच्या बाजूने पत्रं चालली होती मोडीत, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांच्या दप्तरांतून. इंग्रजांच्या बाजूने पत्रं होती कलत्या, जोडलेल्या अक्षरांच्या हस्ताक्षरात, जे त्या काळी इंग्लंडमधला प्रत्येक कारकून घोटून शिकायचा. ते हस्ताक्षर इटलीच्या त्या कचेरीवळणाचंच दूरचं नातवंड. म्हणजे वडगावला दोन फौजांबरोबर दोन चिटणिशी वळणंही आमनेसामने आली होती. एकाला छापील जोडीदार मिळून पावणेतीनशे वर्षं झाली होती. दुसऱ्याला तो अजून मिळायचा होता.

मग मिळाला का? इथे गोष्ट रंगते, कारण मिळता मिळता राहिला.

बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, नागरी ठशांत. आणि १८१० साली मराठीचा कोश छापला, त्यात मराठी शब्द आहेत मोडी ठशांत! पंडित वैजनाथ शर्मा हे त्याचे मराठीचे सहायक. म्हणजे धातूचे मोडी खिळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तयार होते. आल्दुसने कचेरीचं अक्षर धातूत आणलं, तेच काम इथे झालं होतं.

पण पुढे छपाईचं केंद्र मुंबईला सरकलं आणि वारं नागरीच्या बाजूने वाहिलं. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापलं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने नागरी ठशांची जुळणी सुधारली. त्याच छापखान्यात लहान वयात कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा टाइपांचा कारखाना काढतात आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी ठसे कापले. निर्णयसागरच्या नागरीचा देखणेपणा सगळ्या हिंदुस्थानात नावाजला गेला. तो होता बोरूच्या जाड-बारीक रेघांचा, पण पोथीच्या बोरूचा. दप्तराच्या बोरूचा नव्हे.

नागरीच का? कारणं अगदी व्यवहारी आहेत. नागरी ठसे संस्कृतसाठी, हिंदीसाठी, मराठीसाठी, सगळीकडे चालत. शाळेतल्या मुलाला बाळबोध सोपी. धर्मग्रंथ नागरीतच. आणि मोडीत काना, वेलांटी, उकार लागला की कित्येक अक्षरांचं रूपच पालटतं, म्हणजे खिळे आणखी वाढतात. छापखान्याच्या मालकाने खिळ्यांचा खर्च मोजला आणि मोडी दप्तरातच राहिली.

याच सुमाराला मेजर टॉमस कँडी आपल्याकडे विरामचिन्हं आणतात. १८५० साली त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' निघाली. स्वल्पविराम आला, अर्धविराम आला, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह आलं. इंग्रजी पानाचं जवळजवळ सगळं सामान बोटीतून उतरलं. एकच गोष्ट उतरली नाही, ती इटालिक.

ती का उतरली नाही हे समजायला खिळ्याचा विचार करायला हवा. खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा चौकोनी तुकडा, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. चौकोनी तुकड्यावर तिरकं अक्षर बसवायचं तर त्याचं टोक तुकड्याच्या बाहेर लोंबतं. रोमनमधल्या तिरक्या 'एफ'चं टोक असं लोंबायचं आणि तुटायचंही. आता देवनागरी घ्या. इथे एका ओळीत तीन मजले. वर मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार. मुंबईच्या ज्या पद्धतीला 'डिग्री टाइप' म्हणत, तिच्यात हे मजले वेगवेगळ्या खिळ्यांचे. जुळारी एकावर एक खिळे रचायचा. उभ्या अक्षरात वरची मात्रा बरोबर काण्याच्या डोक्यावर येते. अक्षर तिरकं केलं तर मात्रा उजवीकडे सरकायला हवी आणि उकार डावीकडे. चौकोनी खिळ्यांची ही तिमजली इमारत तिरकी उभी करायची म्हणजे जुळाऱ्याच्या जिवाला घोर. अपवाद झाले असतील, पण रोजच्या मराठी छपाईत तिरकी नागरी रुळली नाही.

मग मराठी पानाने काय केलं? जोर द्यायचा तर जाड टाइप. पुस्तकाचं नाव आलं तर अवतरणचिन्ह. परकीय शब्द आला तरी अवतरणचिन्ह. पात्राच्या मनातलं बोलणं आलं तरी अवतरणचिन्ह. एकाच चिन्हावर चार जणांचा भार. एखाद्या संशोधनलेखात ग्रंथनाम, उद्धृत आणि उपरोधाने वापरलेला शब्द एकाच परिच्छेदात आले की वाचक गोंधळतो, तो यामुळे.

बरं, आता संगणक आला. खिळे गेले, तिमजली इमारतीची अडचण गेली. आपण शब्द निवडतो, तिरक्या 'आय'चं बटण दाबतो आणि मराठी अक्षर झटकन कलतं. मग प्रश्न सुटला का?

इथे एक जुना वाद आठवतो. १९२६ साली इंग्लंडमधले टाइपांचे जाणकार स्टॅन्ली मॉरिसन यांनी असं मत मांडलं की आदर्श इटालिक म्हणजे उभ्या अक्षराचंच नुसतं कललेलं रूप असावं, लेखणीची वळणं त्यात नकोत. पण सहाच वर्षांनी, १९३२ मध्ये, त्यांच्याच देखरेखीखाली 'टाइम्स न्यू रोमन' तयार झाला, आणि त्याचं इटालिक लेखणीच्या जुन्या वळणाचंच होतं. वाचणाऱ्या डोळ्याला नुसता कल पुरत नाही. खऱ्या इटालिकात 'ए' हे अक्षर उभ्या 'ए'पेक्षा वेगळ्या घडणीचं असतं, 'एफ' ओळीखाली उतरतो, अक्षर अरुंद होतं. तिथे हात वेगळा फिरलेला असतो.

आपल्या बटणाने होतं काय? संगणक उभं अक्षर धरतो आणि ढकलतो. हात तोच, फक्त कागद तिरका धरलेला. जाड-बारीक रेघांचं गणित बिघडतं, काने पडल्यासारखे दिसतात. फाटकावरच्या पाटीवर मराठी अक्षर सरळ का ठेवलं जातं, याचं एक उत्तर इथे मिळतं. कोरणाऱ्याच्या डोळ्याला हे खटकत असणार.

आपल्याकडे या प्रश्नावर काम झालेलं नाही असं नाही. बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ १९७१ साली निघाला, तो आजही या विषयाचा पाया आहे. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा टाइप केला. आपल्यापैकी बहुतेकांनी संगणकावर पहिलं मराठी अक्षर पाहिलं ते त्यातच. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांतून सुलेखनाची नवी वाट काढली. अलीकडे 'तिरो देवनागरी मराठी' नावाचा मोफत टाइप आला आहे. त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत, आणि उभा व इटालिक असे दोन पर्याय आहेत. २००९ च्या शासननिर्णयात मराठी 'ल' आणि 'श' यांची जी रूपं ठरवली, ती अशा टाइपांमुळे पानावर उतरतात. आणि २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. केरीच्या कोशानंतर दोनशे चार वर्षांनी.

आता एक प्रामाणिक शंका. मोडी हे मराठीचं इटालिक झालं असतं, असं आपण म्हणू शकतो का? पूर्णपणे नाही. इटालिक वाचायला वेगळं शिकावं लागत नाही, कारण अक्षरं ओळखीची राहतात. मोडीची बरीच अक्षरं नागरीपासून इतकी दूर गेली आहेत की शिकल्याशिवाय वाचता येत नाहीत. पण इथेच तर मुद्दा आहे. इटालिकही पोपच्या कचेरीत आजच्यापेक्षा अवघड, गुंतागुंतीचं होतं. आल्दुस, आर्रिगी आणि पुढच्या ठसेकारांनी त्याच्या गाठी सोडवल्या, जोड कमी केले, उभ्या अक्षराशेजारी नांदेल इतकं त्याला माणसाळवलं. पानावर राहिल्यामुळे ते बदललं आणि बदलल्यामुळे टिकलं. मोडीला हे शेजारपण लाभलं नाही. शाळेत ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवली जात होती, पण छापील पानावर ती रोज भेटत नव्हती. मग एक दिवस शिकवणंही थांबलं.

त्याची किंमत काय? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यात आपल्याच मावळातल्या गावांचे हिशेब, वतनांचे तंटे, घाटावरच्या जकाती आहेत. वाचणारे मोजके. मोठ्या इतिहासाचं सोडा. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी पणजोबांच्या हातचा एखादा मोडी कागद असेल. भाषा मराठी, गाव आपलं, नाव आपलं, आणि आपल्याला एक ओळ वाचता येत नाही. इंग्रज माणूस १५०१ च्या छापील पानावरचं तिरकं अक्षर आजही ओळखतो. आपल्याला १९०१ चं खरेदीखत परकं वाटतं.

म्हणून आपण दोन साध्या गोष्टी करू. घरात मोडी कागद असेल तर त्याचा चांगला फोटो काढून ठेवू आणि मोडी वाचणाऱ्या कोणाला तरी दाखवू. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग भरतात, आठवड्याभरात अक्षरओळख होते, पुढे सराव लागतो. आणि आपल्यात जे कोणी टाइप घडवणारे, पुस्तकं मांडणारे असतील, त्यांनी मराठीचं तिरकं अक्षर करताना उभ्या नागरीला ढकलण्याऐवजी एकदा चिटणिशी कागद समोर ठेवावा. कल किती अंशाचा, हे त्यात सापडणार नाही. हात कुठे वळतो, कुठे उचलला जातो आणि कुठे उचललाच जात नाही, हे सापडेल.

परत जाताना फाटकावरच्या त्या पाट्या एकदा नीट बघा. वरची इंग्रजी ओळ पाचशे वर्षांपूर्वीच्या एका कचेरीतून आली आहे. खालच्या मराठी ओळीचीही एक कचेरी होती.